परवाना आणि पैसा: चिनी समाजांतील प्रसारमाध्यमे

चिनी भाषिक जगातील वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि अलीकडची मोबाइलवरील वृत्तसेवा यांविषयी गेल्या चाळीस वर्षांत जे विपुल लेखन झाले, त्यातील बराच भाग एका साध्या गृहीतकावर उभा आहे. राज्यसंस्था माध्यमांना बांधून ठेवते आणि बाजार त्यांना मोकळे करतो, म्हणून जेथे जाहिरात, खप आणि भांडवल यांचा शिरकाव होईल तेथे आज ना उद्या मोकळी पत्रकारिताही येईल, असे ते गृहीतक होते. १९८०च्या दशकात चीन आपली अर्थव्यवस्था खुली करीत गेला आणि १९८७ साली तैवानमधील मार्शल लॉ उठला, तेव्हा ते पटण्याजोगेही होते. आज त्याला फारसा आधार उरलेला नाही. चीनमधील माध्यमे जगातील सर्वांत मोठ्या जाहिरात-बाजारांपैकी एकावर पोसली गेली आणि तरीही सत्ताधारी पक्षाच्या अधिक घट्ट पकडीत आली; हाँगकाँगच्या अत्यंत मुक्त समजल्या जाणाऱ्या बाजारपेठेत भरपूर वाचक असलेले एक दैनिक बँक खाती गोठवून बंद पाडता आले; आणि तैवानमध्ये सेन्सॉर गेल्यानंतर संपादकाच्या अधिकारावर हक्क सांगायला जाहिरातदार आणि उद्योगपती पुढे सरसावले. या तिन्ही घडामोडी एकत्र वाचल्या म्हणजे ‘राज्य की बाजार’ हा प्रश्न अपुरा वाटू लागतो. बाजारात उतरण्याचा परवाना कोण देतो, तो कोणत्या अटींवर देतो आणि त्या अटी मोडणाऱ्याला कोणत्या मार्गाने वठणीवर आणतो, हा खरा प्रश्न आहे, आणि प्रस्तुत ग्रंथाची मांडणी त्याच्याभोवती झाली आहे.

‘चिनी समाज’ ही संज्ञा येथे अनेकवचनी वापरली आहे, कारण तिच्यात चीनचे जनता प्रजासत्ताक, तैवान, हाँगकाँग आणि चिनी वंशाच्या लोकांचे बहुमत असलेले सिंगापूर अशा चार निरनिराळ्या राज्यव्यवस्था येतात. चिनी माणूस मुळातच अधिकार मानणारा, कन्फ्यूशियसच्या शिकवणीने वरिष्ठांपुढे मान झुकवणारा, म्हणून तेथे मुक्त वृत्तपत्रे रुजत नाहीत, हे विवेचन अनेकदा ऐकू येते; परंतु त्याच भाषेच्या आणि त्याच वारशाच्या तैवानी समाजाने एका पिढीच्या अवधीत आशियातील अत्यंत मोकळी पत्रकारिता उभी केली, यापुढे ते टिकत नाही. संस्कृतीवर भार टाकणारे असे स्पष्टीकरण अपुरे तर आहेच, शिवाय ज्या पत्रकारांनी तुरुंगवास पत्करला त्यांच्यावर ते अन्याय करणारे आहे. फरक घडवला तो कायद्यांनी, मालकीच्या रचनेने, पैशाच्या वाटांनी आणि माणसांनी घेतलेल्या निर्णयांनी.

चीनमधील व्यवस्थेचा पाया क्रांतीच्या आधीच घातला गेला होता. शिन्हुआ ही वृत्तसंस्था १९३१ साली ‘लाल चीन वृत्तसंस्था’ या नावाने सुरू झाली आणि १९३७ साली तिला सध्याचे नाव मिळाले. ‘पीपल्स डेली’ हे दैनिक १९४८ साली निघाले. १९४२ साली येनान येथील ‘लिबरेशन डेली’ या दैनिकाची जी फेररचना माओ त्से-तुंग यांच्या आग्रहाने झाली, तिच्यातून हे तत्त्व पक्के झाले की वृत्तपत्र हे पक्षाच्या संघटनेचा एक अवयव आहे, त्याने पक्षाचा निर्णय जनतेपर्यंत पोचवायचा आणि जनतेची स्थिती पक्षापर्यंत पोचवायची. माध्यमे ही पक्षाचा ‘घसा आणि जीभ’ आहेत, हा वाक्प्रचार तेथे आजही रूढ आहे आणि तो टीकेच्या सुरात उच्चारला जात नाही. या व्यवस्थेत वार्ताहर दोन प्रकारचे लेखन करीत असे. एक छापण्यासाठी आणि दुसरे फक्त वरिष्ठ नेत्यांच्या वाचनासाठी, ज्याला ‘अंतर्गत संदर्भ’ म्हणतात. ज्या घटना लोकांना सांगायच्या नसत त्या नेत्यांना मात्र कळाव्यात, अशी ही तजवीज होती. ती किती तोकडी होती हे १९५८ साली, ‘मोठी झेप’ या मोहिमेत दिसून आले. धान्याच्या उत्पादनाचे अशक्यप्राय आकडे गावोगावचे अधिकारी वर कळवीत होते आणि राष्ट्रीय वृत्तपत्रे ते पहिल्या पानावर छापीत होती. त्या आकड्यांवर सरकारी धान्यवसुली ठरत होती, आणि पुढच्या दुष्काळात कोट्यवधी माणसे अन्नावाचून मेली. सत्य सांगणाऱ्या वृत्तपत्राची गरज हा विचारवंतांचा शौक नसून अन्नाचा प्रश्न असतो, याचा याहून भयंकर पुरावा विसाव्या शतकात सापडणे कठीण आहे.

त्या काळात वृत्तपत्राला बाजाराशी कर्तव्य नव्हते. कागद सरकार देई, वितरण टपाल खाते करी, आणि वर्गणी कार्यालये, कारखाने व शाळा सार्वजनिक निधीतून भरीत. सांस्कृतिक क्रांतीनंतर तिजोरी रिकामी झाली तेव्हा हे ओझे सरकारला पेलेनासे झाले, आणि १९७८ साली ‘पीपल्स डेली’सह राजधानीतील काही वृत्तपत्रांनी अर्थमंत्रालयाकडे अशी परवानगी मागितली की संस्था सरकारी राहावी, पण तिचा कारभार उद्योगासारखा चालावा. ती मिळाली. चीनच्या माध्यमव्यवस्थेतील पुढच्या सर्व बदलांचे बीज या एका सूत्रात आहे, कारण त्याने मालकी आणि कमाई यांची फारकत केली: मालकी पक्षाची राहिली, पोट भरण्याची जबाबदारी वृत्तपत्रावर आली. ४ जानेवारी १९७९ रोजी ‘तिआनजिन डेली’ने टूथपेस्टची जाहिरात छापली आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला, चिनी नववर्षाच्या दिवशी, शांघायच्या दूरचित्रवाणीवर एका औषधी मद्याची जाहिरात झळकली. ज्या समाजात जाहिरात म्हणजे भांडवलशाहीची फसवेगिरी असे दशकभर शिकवले गेले होते, तेथे हे पाऊल लहान नव्हते. तरी त्यामुळे संपादक कोणी नेमायचा हा अधिकार तसूभरही हलला नाही, हे येथे आवर्जून नोंदवायला हवे.

तो अधिकार हलवण्याचा एकच गंभीर प्रयत्न १९८०च्या दशकात झाला, आणि त्याची प्रेरणा बाजारातून आलेली नव्हती. ती पक्षाच्याच सुधारणावादी गटातून आली होती. शांघायमधून १९८० साली निघालेले ‘वर्ल्ड इकॉनॉमिक हेराल्ड’ हे साप्ताहिक आणि त्याचे संपादक चिन बेनली हे त्या प्रयत्नाचे ठळक उदाहरण. एप्रिल १९८९ मध्ये सुधारणावादी पक्षनेते हू याओबांग यांच्या निधनानंतर या साप्ताहिकाने त्यांच्या स्मृतीसाठी काढलेला अंक शहराचे पक्षसचिव जियांग झेमिन यांनी अडवला, चिन बेनली यांना पदावरून दूर केले, आणि मे महिन्यात बीजिंगमधील पत्रकार स्वतःचे फलक घेऊन तिआनानमेन चौकाकडे निघाले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत या संपादकाच्या पुनर्नियुक्तीची मागणी होती. जून महिन्यातील हत्याकांडानंतर तो अध्याय मिटला. वृत्तपत्रांसाठी स्वतंत्र कायदा करण्याची जी चर्चा तोवर चालू होती, ती पुन्हा त्या जोमाने कधी झाली नाही.

यानंतर जे घडले ते समजून घेण्यासाठी १९९२ हे वर्ष महत्त्वाचे. डेंग श्याओपिंग यांनी दक्षिणेचा दौरा करून आर्थिक सुधारणांना पुन्हा गती दिली, आणि राजकीय सुधारणेचे दार बंद झालेले असताना बाजाराचे दार मात्र सताड उघडले गेले. सरकारी अनुदाने आटली आणि वृत्तपत्रांना वाचकाकडे वळणे भाग पडले. १९९५ साली चेंगडू शहरात ‘हुआशी दूशी बाओ’ हे दैनिक निघाले आणि त्याच्यापाठोपाठ देशभर ‘महानगरी दैनिके’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार फोफावला. प्रांताचे अधिकृत पक्षपत्र ही ‘माता’ आणि महानगरी दैनिक हे तिचे ‘अपत्य’, अशी ही रचना होती. माता कार्यालयांत सार्वजनिक पैशाने जात असे आणि फारशी वाचली जात नसे. अपत्य चौकातल्या टपरीवर विकले जाई, घरोघर पोचवले जाई, नळाचे पाणी, शाळेचे प्रवेश, बनावट औषधे आणि घरमालकाची दांडगाई यांच्या बातम्या देई, आणि वाचकांना तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक छापी. अपत्याच्या नफ्यावर मातेचा संसार चाले. १९९६ साली ‘ग्वांगझौ डेली’ला देशातील पहिला वृत्तपत्र-समूह म्हणून मान्यता मिळाली, आणि पुढे असे समूह पक्षाच्याच पुढाकाराने उभे राहिले. पक्षाच्या वाणीचा खर्च वाचकाच्या खिशातून आणि जाहिरातदाराच्या गंगाजळीतून निघू लागला. बाजाराने पक्षपत्रांना संपवले नाही, जगवले.

तरीही या व्यवस्थेत जी फट राहिली होती, तिच्यातून काही अतिशय मोलाची पत्रकारिता झाली आणि तिचे मोल कमी लेखणे हा कृतघ्नपणा ठरेल. चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीवर १९९४ साली सुरू झालेला ‘फोकस इंटरव्ह्यू’ हा कार्यक्रम स्थानिक अधिकाऱ्यांची गैरकृत्ये दाखवी, आणि त्याच्या कार्यालयाबाहेर दोन रांगा असतात असे त्या काळी म्हटले जाई: एक गाऱ्हाणी घेऊन आलेल्या लोकांची आणि दुसरी आपल्याविषयीचा भाग दाखवू नये म्हणून रदबदली करायला आलेल्यांची. पंतप्रधान झू रोंगजी यांनी १९९८ साली तेथे जाऊन त्याची पाठराखण केली. येथे राज्यसंस्था एकजिनसी नाही हे लक्षात येते. केंद्राला जिल्ह्यातला भ्रष्टाचार कळायला हवा असतो, प्रांताला तो झाकायचा असतो, आणि या दोहोंमधल्या अंतरात पत्रकाराला उभे राहायला जागा मिळते. ग्वांगडोंग प्रांतातील वृत्तपत्रे आपल्या प्रांताविषयी सांभाळून लिहीत, पण दुसऱ्या प्रांतातल्या घोटाळ्यावर तुटून पडत. याला ‘परप्रांतीय देखरेख’ असे नाव पडले होते आणि २००४ नंतर केंद्रीय प्रचार विभागाने तिच्यावर बंधने आणली.

सुन झिगांग प्रकरणात या पत्रकारितेचे सामर्थ्य आणि तिची किंमत दोन्ही दिसतात. हुबेई प्रांतातून आलेला हा २७ वर्षांचा पदवीधर ग्वांगझौमधील एका कंपनीत डिझायनर म्हणून काम करीत होता. १७ मार्च २००३ रोजी रात्री इंटरनेट कॅफेकडे जाताना पोलिसांनी त्याला हटकले. शहरात राहण्याचा तात्पुरता परवाना त्याच्याजवळ नव्हता, म्हणून त्याला स्थलांतरितांसाठीच्या कोठडीत पाठवण्यात आले, आणि २० मार्च रोजी तेथील रुग्णकक्षात बेदम मारहाणीने त्याचा मृत्यू झाला. ‘सदर्न मेट्रोपोलिस डेली’ या महानगरी दैनिकाच्या वार्ताहरांनी शवविच्छेदनाच्या अहवालापर्यंत पोचून २५ एप्रिल रोजी ही हकीकत छापली. शहरात परवान्याविना राहणाऱ्या खेडुतांना पकडून परत धाडण्याची ती पद्धत दोन दशके चालत आली होती. बातमीनंतर विधिज्ञांनी तिच्या घटनात्मकतेला आव्हान दिले आणि २० जून रोजी मंत्रिमंडळाने ती रद्द केली. एका दैनिकाच्या एका बातमीने लक्षावधी स्थलांतरित मजुरांच्या मानेवरची टांगती तलवार दूर झाली. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत त्या दैनिकाचे महाव्यवस्थापक यू हुआफेंग यांना अपहार आणि लाच या आरोपांखाली शिक्षा झाली आणि मुख्य संपादक चेंग यिझोंग यांना पाच महिने अटकेत ठेवण्यात आले. आरोपाचा गाभा दैनिकाच्या नफ्यातून व्यवस्थापनाने वाटून घेतलेल्या बोनसाचा होता.

हा तपशील नजरेआड करण्याजोगा नाही, कारण शिक्षा कोणत्याही लेखासाठी झाली नाही, हिशेबासाठी झाली. सरकारी मालकीच्या संस्थेने उद्योगासारखा व्यवहार करावा असे सांगताना नफा कोणाचा, बोनस कोणत्या नियमाने द्यायचा, जाहिरातदाराशी बोलणी कुठवर करायची, हे सारे मोघम ठेवले गेले होते, आणि त्या मोघमपणामुळे प्रत्येक यशस्वी संपादक केव्हाही आर्थिक गुन्हेगार ठरवला जाऊ शकत होता. बाजाराने पत्रकाराला मिळवून दिलेले बळ आणि त्याच्यावर चालवायचे शस्त्र, दोन्ही एकाच ठिकाणाहून आली.

त्या बाजाराने पत्रकारितेला आतून पोखरलेही. वार्ताहर परिषदेत ‘प्रवासखर्च’ म्हणून लाल पाकीट देण्याची चाल, जिची मराठी वाचकाला वेगळी ओळख करून द्यायला नको, चीनमध्ये इतकी सर्रास झाली की कमी पगाराच्या वार्ताहरांचे घर तिच्यावर चालू लागले. पुढची पायरी म्हणजे न लिहिण्याचे पैसे. सप्टेंबर २००८ मध्ये शान्शी प्रांतातील एका कोळसा खाणीत अपघाती मृत्यू झाला, तेव्हा खऱ्या आणि तोतया पत्रकारांनी खाणीच्या कार्यालयात ‘तोंड बंद ठेवण्याची’ रक्कम घेण्यासाठी रांग लावली, आणि त्या रांगेचे छायाचित्र प्रसिद्ध झाल्यावर देशभर संताप उसळला. २३ ऑक्टोबर २०१३ रोजी ग्वांगझौच्या ‘न्यू एक्स्प्रेस’ या दैनिकाने परप्रांतातील पोलिसांनी पकडून नेलेल्या आपल्या वार्ताहराला सोडावे, अशी मागणी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत केली. ज्या कंपनीविषयी त्याने लिहिले होते तिच्या गावचे ते पोलीस होते. देशभरातील पत्रकारांनी त्या धाडसाचे स्वागत केले. काही दिवसांतच तो वार्ताहर कैद्याच्या वेशात सरकारी दूरचित्रवाणीवर आला, त्याने पैसे घेऊन लेख छापल्याची कबुली दिली, आणि दैनिकाला माफी मागावी लागली. न्यायालयापुढे जाण्यापूर्वी पडद्यावर वदवून घेतलेली कबुली हा राज्यसंस्थेचा अत्याचार होता आणि पैसे घेऊन छापलेली बातमी हा वाचकाचा विश्वासघात होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानण्याची तयारी ज्या अभ्यासकापाशी नाही, त्याला या विषयात शिरता येणार नाही.

सत्ता आणि पैसा यांची सांगड कशी घातली जाते याचा एक नमुना ‘चायना यूथ डेली’मध्ये २००५ साली समोर आला. तेथील व्यवस्थापनाने वार्ताहरांच्या मोबदल्यासाठी गुणांची पद्धत आखली, जिच्यात पक्षाच्या आणि सरकारच्या वरिष्ठांनी बातमीची प्रशंसा केली तर सर्वाधिक गुण मिळणार होते. ‘फ्रीझिंग पॉइंट’ या पुरवणीचे संपादक ली दातोंग यांनी तिच्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिले आणि ती योजना मागे पडली. पुढच्या जानेवारीत, इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांवर टीका करणाऱ्या एका लेखाचे निमित्त करून, ती पुरवणी बंद करण्यात आली, आणि मार्चमध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा ली दातोंग तिच्यात नव्हते.

मनोरंजनाच्या क्षेत्रात गोष्ट वेगळी नव्हती. हुनान प्रांताच्या उपग्रह वाहिनीवर २००५ साली झालेल्या ‘सुपर गर्ल’ या गायनस्पर्धेत ली युचुन ही तरुणी ३५ लाखांहून अधिक एसएमएस मते मिळवून विजयी झाली, तेव्हा मतदान आणि लोकशाही यांच्यावर जगभर लेख लिहिले गेले. अधिकाऱ्यांनी मात्र अशा कार्यक्रमांच्या वेळा, स्वरूप आणि मतदानाची पद्धत यांवर नियम घातले, आणि वाहिन्यांनी ते निमूटपणे पाळले.

तैवानचा मार्ग यापेक्षा निराळा, आणि म्हणून अधिक शिकवणारा आहे. १९४९ साली लागू झालेल्या मार्शल लॉच्या छत्राखाली क्वोमिंतांग पक्षाने वृत्तपत्रांवर जे निर्बंध लादले त्यांना एकत्रितपणे ‘वृत्तपत्रबंदी’ म्हणत: नवे परवाने बंद, पानांची संख्या मर्यादित, छपाईचे ठिकाण ठरलेले. १९८७पर्यंत दैनिकाला बारांपेक्षा अधिक पाने काढता येत नसत आणि परवाने ३१वर गोठलेले होते. पानांच्या संख्येवरचा निर्बंध हा वरवर कागद वाचवण्याचा नियम वाटतो. तो अभिव्यक्तीवरचा निर्बंध असतो, हे पुण्याच्या ‘सकाळ’ने केलेल्या याचिकेवर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली किंमत-पृष्ठ कायदा रद्द करताना स्पष्ट केले होते. तैवानमध्ये त्या काळी असे न्यायालय नव्हते. पण तेथे बाजार होता, आणि तो चांगलाच तेजीत होता. परवाने मोजके असल्याने ‘युनायटेड डेली न्यूज’ आणि ‘चायना टाइम्स’ या दोन दैनिकांचे खप दहा लाखांपलीकडे गेले, त्यांचे मालक वांग ती-वू आणि यू ची-चुंग हे दोघेही सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती स्थायी समितीवर होते, आणि प्रांतिक सरकार, पक्ष व लष्कर यांच्याशी बांधलेल्या तीन दूरचित्रवाणी कंपन्या जाहिरातींवर गब्बर झाल्या. अधिकारशाही आणि बाजार येथे चाळीस वर्षे गुण्यागोविंदाने नांदली. भांडणाचे काही कारणच नव्हते, कारण सत्ता स्पर्धेला दाराबाहेर ठेवत होती आणि मालक त्याची परतफेड निष्ठेने करीत होते.

ती कोंडी फोडण्याचे श्रेय बाजाराला देता येत नाही. ते तोट्यात चालणाऱ्या, जप्त होणाऱ्या आणि नाव बदलून पुन्हा निघणाऱ्या नियतकालिकांचे आहे. लेइ चेन यांचे ‘फ्री चायना’ १९६० साली त्यांच्या अटकेने बंद पडले. १९७९ साली ‘फोर्मोसा’ मासिकाभोवती जमलेल्या मंडळींना काऔशुंग शहरातील निदर्शनांच्या घटनेनंतर तुरुंगात जावे लागले. ‘फ्रीडम एरा’ साप्ताहिकाचे चेंग नान-जुंग यांनी ७ एप्रिल १९८९ रोजी, पोलीस अटक करायला आले असता, आपल्या कार्यालयात स्वतःला जाळून घेतले. परवान्याशिवाय गल्लीबोळांतून तारा ओढून चालवलेल्या केबल वाहिन्या आणि बेकायदा नभोवाणी केंद्रे यांनी उरलेले काम केले. १ जानेवारी १९८८ रोजी वृत्तपत्रबंदी उठली, १९९३ साली केबलचा कायदा झाला, २००३ साली पक्ष, सरकार आणि लष्कर यांनी प्रसारण संस्थांतून बाहेर पडावे अशी तरतूद झाली, आणि त्याच वर्षी हाँगकाँगहून आलेल्या ‘ॲपल डेली’ने खपाच्या स्पर्धेला रक्तरंजित छायाचित्रांची आणि कुजबुजीची जोड दिली.

सेन्सॉर गेला, पैशाचा दाब आला. लहानशा बेटावर डझनाहून अधिक वृत्तवाहिन्या आणि दैनिके एकाच जाहिरात-निधीसाठी झटू लागली, तेव्हा सरकारी खातीच बातमीच्या रूपातली जाहिरात विकत घेऊ लागली. आपल्याकडे ज्याला पेड न्यूज म्हणतात तोच हा प्रकार. डिसेंबर २०१० मध्ये ‘चायना टाइम्स’च्या एका ज्येष्ठ वार्ताहराने त्याच्या निषेधार्थ राजीनामा दिला, पत्रकार आणि प्राध्यापक त्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि महिनाभरात अर्थसंकल्पविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन सरकारी जाहिरात तशी असल्याचे नमूद करणे बंधनकारक झाले. त्याआधी २००८ साली, चीनमध्ये खाद्यपदार्थांचा मोठा व्यवसाय असलेल्या वाँट वाँट समूहाने ‘चायना टाइम्स’ विकत घेतले होते. पुढे या समूहाने केबल जाळेही घेण्याचा प्रयत्न केला तेव्हा १ सप्टेंबर २०१२ रोजी हजारो विद्यार्थी आणि पत्रकार ताइपेच्या रस्त्यावर उतरले, आणि तो व्यवहार पूर्ण झाला नाही. एका देशातील सत्ता दुसऱ्या देशातील माध्यमांवर आपला बाजार खुला किंवा बंद करण्याच्या ताकदीने प्रभाव पाडू शकते, ही गोष्ट तैवानी तरुणांनी इतरांच्या आधी ओळखली.

हाँगकाँगला ती फार पूर्वीपासून ठाऊक होती. ब्रिटिश वसाहतीत डाव्या आणि उजव्या दोन्ही गटांची वृत्तपत्रे निघत, आणि त्यांच्या मधोमध लुई चा यांनी १९५९ साली ‘मिंग पाओ’ काढले, जे आरंभी त्यांच्याच तलवारबाजीच्या क्रमशः कादंबऱ्यांवर तगले आणि पुढे चीनविषयक विश्वासार्ह बातम्यांचे ठिकाण झाले. १९९४ साली कापड व्यवसायातील उद्योजक जिमी लाय यांनी आपल्या साप्ताहिकात चीनचे पंतप्रधान ली पेंग यांच्याविषयी अत्यंत जहाल मजकूर लिहिला, तेव्हा त्यांच्या तयार कपड्यांच्या कंपनीचे बीजिंगमधील दुकान बंद करण्यात आले आणि त्यांनी पुढे त्या कंपनीतील आपले समभाग विकून टाकले. १९९५ साली त्यांनी ‘ॲपल डेली’ काढले. १ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग चीनकडे गेल्यानंतर इतर मालकांपैकी अनेकांनी चीनमधील व्यवहार सांभाळण्यासाठी आपल्या वृत्तपत्रांचा सूर खाली आणला. कोणी आदेश काढला नाही, संपादकांना काय छापू नये हे न सांगता कळू लागले. स्वतःहून लादून घेतलेली ही सेन्सॉरशिप मोजता येत नाही, आणि म्हणून ती अभ्यासकाला सर्वांत जास्त छळते. ३० जून २०२० रोजी राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला, १७ जून २०२१ रोजी शेकडो पोलिसांनी ‘ॲपल डेली’च्या वृत्तकक्षाची झडती घेतली, आणि कंपन्यांची १ कोटी ८० लाख हाँगकाँग डॉलरची मालमत्ता गोठवली गेली. वाचक होते, वर्गणीदार होते. पगार देण्यासाठी बँकेतून पैसे काढता येईनात. २४ जून रोजी निघालेला अखेरचा अंक दहा लाख प्रतींचा होता आणि तो घेण्यासाठी लोक आदल्या मध्यरात्रीपासून रांगेत उभे होते. खपाने वृत्तपत्र वाचते, या समजुतीला याहून थेट उत्तर असू शकत नाही.

सिंगापूरचा उल्लेख या तुलनेत थोडक्यात करता येतो, कारण तेथे राज्यसंस्थेने आपला हेतू लपवलेला नाही. १९७१ साली ‘नानयांग सियांग पाउ’ या चिनी दैनिकाच्या चौघा वरिष्ठांना स्थानबद्ध केल्यानंतर १९७४च्या कायद्याने वृत्तपत्र-कंपन्यांत ‘व्यवस्थापन समभाग’ नावाचा वेगळा वर्ग निर्माण केला, काही ठरावांत ज्याला सामान्य समभागाच्या २०० पट मताधिकार मिळाला आणि ज्याच्या हस्तांतरास सरकारची संमती आवश्यक झाली. समभाग बाजारात खुलेपणे विकले जात राहिले आणि संपादकीय सूत्रे जागची हलली नाहीत.

इंटरनेटमुळे हा हिशेब बदलेल अशी आशा काही काळ होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. २३ जुलै २०११ रोजी वेन्झौजवळ दोन वेगवान रेल्वेगाड्यांची टक्कर होऊन ४० प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा ‘वेबो’ या मंचावर प्रवाशांनी आणि वार्ताहरांनी मिळून अधिकृत निवेदनांचा खोटेपणा उघडा पाडला. पण चीनमधील व्यापारी संकेतस्थळांना राजकीय बातम्या स्वतः गोळा करण्याचा अधिकार नाही. सरकारने मान्य केलेल्या यादीतील माध्यमांचा मजकूर त्यांनी उचलून दाखवायचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये शी जिनपिंग यांनी ‘पीपल्स डेली’, शिन्हुआ आणि सरकारी दूरचित्रवाणी यांना एकाच दिवशी भेट दिली आणि पक्षाच्या माध्यमांचे आडनाव ‘पक्ष’ हेच असले पाहिजे असे बजावले. २०१८ साली वृत्तपत्रे आणि चित्रपट यांचे नियमन सरकारी खात्याकडून काढून थेट पक्षाच्या प्रचार विभागाकडे गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘बाइटडान्स’चे विनोदांचे एक लोकप्रिय ॲप बंद करण्यात आले, संस्थापक झांग यिमिंग यांनी जाहीर माफी मागितली आणि मजकूर तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या ६,००० वरून १०,००० करण्याचे आश्वासन दिले. सेन्सॉरशिपचा खर्च आता खाजगी कंपनी उचलते, त्यासाठी माणसे नेमते, आणि त्या कामातली तिची तत्परता हीच तिच्या व्यवसायाची हमी ठरते.

अशा परिस्थितीत पत्रकारितेचा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नाला अलीकडे दोन उत्तरे पुढे आली आहेत आणि दोन्हींचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. पत्रकार हू शुली यांनी २००९ साली ‘चायजिंग’ हे नियतकालिक सोडून उभ्या केलेल्या ‘चायशिन’ या माध्यमसंस्थेने २०१७पासून आपला मजकूर वर्गणीदारांपुरता ठेवला, लाखो वर्गणीदार मिळवले आणि २०२०च्या आरंभी वूहानमधून कोविडच्या साथीच्या अत्यंत निर्भीड बातम्या दिल्या; पण ऑक्टोबर २०२१ मध्ये संकेतस्थळांनी ज्यांचा मजकूर उचलावा अशा माध्यमांच्या सरकारी यादीतून तिचे नाव वगळले गेले. म्हणजे ज्यांना वर्गणी परवडते त्यांच्यासाठी बातमी राहिली आणि इतरांपर्यंत तिची पोच कमी झाली. तैवानमध्ये २०१५ साली स्थापन झालेले ‘द रिपोर्टर’ हे जाहिरात न घेता वाचकांच्या देणग्यांवर चालते, मजकूर सर्वांना विनामूल्य वाचू देते, आणि दूरवरच्या समुद्रात मासेमारी करणाऱ्या स्थलांतरित खलाशांच्या छळावर त्याने केलेले लेखन हे तेथील कोणत्याही मोठ्या दैनिकाने केलेल्या कामाच्या तोडीचे आहे. पहिला प्रयोग परवान्याच्या मर्जीवर टिकून आहे आणि दुसरा वाचकांच्या औदार्यावर. पुढील प्रकरणांत या दोन्ही संस्थांच्या उत्पन्नाची रचना, त्यांच्या संपादकांची नेमणूक आणि त्यांनी घेतलेल्या व टाळलेल्या विषयांचा क्रम तपशिलाने मांडला आहे, कारण चिनी भाषेतील मोकळ्या बातमीदारीचे पुढचे दशक बऱ्याच अंशी अशाच संस्थांच्या जमाखर्चावर ठरणार आहे.